रक्त का कमी होतंय, ते विचारा
लहान आतड्याचा कर्करोग : ओळख आणि उपचार

मागच्या वर्षी वैशाख पौर्णिमेला आम्ही विहारात रक्त तपासणीचे शिबिर घेतले होते. रांगेत शेजारच्या गल्लीतले एक दादा होते. गवंडीकाम करणारे, वय ४८. त्यांचे हिमोग्लोबिन ८ निघाले. "उन्हात काम, जेवणाचा ठिकाणा नाही, म्हणून असेल," दादा म्हणाले. आम्हालाही ते पटले. पालेभाजी खा, गूळ-शेंगदाणे खा, दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या घ्या, असे सांगून आम्ही पुढच्या माणसाला बोलावले.

गोळ्यांनी रक्त थोडे वाढले आणि पुन्हा उतरले. जेवल्यावर तासाभराने पोटात कळ यायची. मेडिकलमधून गॅसची गोळी आणायची, कळ थांबली की कामावर जायचे, असे चालले होते. पँट कमरेला ढिली झाली तेव्हा घरच्यांना काळजी वाटली, तर कुणीतरी करणीचा संशय घातला. फेब्रुवारीत एका रात्री पोट फुगले, उलट्या थांबेनात. रिक्षात घालून सरकारी रुग्णालयात नेले, तातडीने ऑपरेशन झाले. काढलेला तुकडा तपासणीला गेला आणि पंधरा दिवसांनी रिपोर्ट आला : लहान आतड्याचा कर्करोग.

दादा आज आपल्यात आहेत. सहा महिन्यांचे किमो पूर्ण झाले आहे. ही हकीकत लिहायला त्यांनीच सांगितले. पण आमच्या मनात एक गोष्ट सलते. पुरुषाचे रक्त इतके कमी का, हा प्रश्न आम्ही त्या दिवशी विचारला असता तर नऊ महिने वाया गेले नसते. ती चूक आमची होती. ती पुन्हा होऊ नये म्हणून हे पान.

लहान आतडे म्हणजे नेमके काय?

जठरातून अन्न पुढे सरकते ते लहान आतड्यात. नाव लहान असले तरी मोठ्या माणसात त्याची लांबी साधारण २० फूट असते. मोठे आतडे त्याच्या पाव भागाइतके, सुमारे ५ फूट. लहान आतडे रुंदीला कमी म्हणून ते 'लहान'. पोटात ते वेटोळे करून बसलेले असते. भाकरी, भात, डाळ यांतले सत्त्व रक्तात जाते ते प्रामुख्याने इथूनच.

त्याचे तीन भाग आहेत. जठराला लागून असलेला पहिला भाग जेमतेम बारा बोटे लांबीचा. डॉक्टर त्याला ड्युओडेनम म्हणतात. यकृतातून येणारे पित्त आणि स्वादुपिंडाचा रस इथेच अन्नात मिसळतो. मधला भाग जेजुनम आणि शेवटचा इलियम. इलियम पुढे उजव्या बाजूला, अपेंडिक्सच्या जवळ, मोठ्या आतड्याला मिळते. रिपोर्टमध्ये हे तीन शब्द दिसले तर घाबरू नका, ती फक्त जागेची नावे आहेत.

कर्करोग म्हणजे शरीरातल्या पेशींची बेशिस्त वाढ. जुन्या पेशी मरतात, नव्या तयार होतात, हा शरीराचा नेम आहे. एखाद्या पेशीत बिघाड होतो, ती थांबायचे विसरते, वाढत जाते आणि गाठ बनते. त्या गाठीतल्या पेशी लसिका गाठींत, यकृतात किंवा पोटाच्या पडद्यावर पसरू शकतात.

लहान आतडे एवढे लांब असूनही त्याचा कर्करोग विरळ आहे. पचनमार्गाच्या सगळ्या कर्करोगांत त्याचा वाटा शंभरात पाचपेक्षा कमी आहे. पण विरळ असण्याचाच एक तोटा होतो. तो कुणाच्या चटकन लक्षात येत नाही, रुग्णाच्याही नाही आणि डॉक्टरच्याही नाही.

एक नाव, चार आजार

'लहान आतड्याचा कर्करोग' या एका नावाखाली मुख्यतः चार वेगळे आजार येतात आणि त्यांचे उपचारही वेगळे आहेत. म्हणून "कुठल्या प्रकारचा आहे?" हा पहिला प्रश्न.

पहिला, अॅडिनोकार्सिनोमा. हा आतड्याच्या आतल्या अस्तरातून सुरू होतो आणि जास्त करून ड्युओडेनममध्ये आढळतो. दुसरा, न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर. हा बहुधा शेवटच्या भागात, इलियममध्ये होतो आणि बऱ्याचदा वर्षानुवर्षे हळू वाढतो. तिसरा, लिम्फोमा. हा आतड्यातल्या रोगप्रतिकारक पेशींचा कर्करोग. चौथा, जिस्ट. हा आतड्याच्या भिंतीत तयार होतो.

कुणाला जास्त धोका?

बहुतेक रुग्णांत एक ठळक कारण सापडत नाही. वय वाढते तसा धोका वाढतो. आतड्याला वर्षानुवर्षे सूज असणारा क्रोन्स आजार किंवा गव्हातील ग्लुटेन न सोसणारा सिलिअॅक आजार असेल तर धोका अधिक. काही घराण्यांत जनुकातला दोष पिढ्यान्पिढ्या चालत येतो. आई किंवा वडिलांमध्ये असा दोष असेल तर प्रत्येक मुलात तो येण्याची शक्यता निम्मी असते. एकाच घरात दोघा-तिघांना आतड्याचा किंवा गर्भपिशवीचा कर्करोग झाला असेल, तोही पन्नाशीच्या आत, तर ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आणि एक गोष्ट ठामपणे सांगतो. हा रोग ना करणीने होतो, ना गेल्या जन्माच्या पापाने. तो शिवल्याने, एका ताटात जेवल्याने पसरत नाही. दुःखाला कारण असते आणि कारण शोधता येते, ही आपली शिकवण आहे. तेव्हा अंगारा लावून घेण्यात गेलेला प्रत्येक महिना गाठीला मोकळीक देतो, एवढे लक्षात ठेवू.

शरीर काय सांगते?

सुरुवातीला हा आजार मुका असतो. पुढे जी लक्षणे दिसतात ती रोजच्या 'अॅसिडिटी'सारखी वाटतात. म्हणून एकेका लक्षणापेक्षा ते किती दिवस टिकते हे बघा.

• जेवणानंतर पोटात मुरडा किंवा कळ, पोट गुरगुरणे, फुगणे, तीन-चार आठवड्यांहून जास्त.
• काही न करता वजन उतरणे.
• थकवा, चढताना धाप, चेहरा पांढुरका. गाठीतून थेंब थेंब रक्त जाते, ते डोळ्यांना दिसत नाही, पण महिन्याकाठी शरीर रिते होते.
• डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची शौच. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळसर होते, पण ती चिकट आणि तशा वासाची नसते. शंका वाटली तर शौचातील रक्ताची तपासणी करून घ्या.
• डोळे पिवळे, लघवी गडद, शौच पांढुरकी, अंगाला खाज. ड्युओडेनममधल्या गाठीने पित्ताची वाट अडली की अशी कावीळ होते. ती माळ घालून किंवा हातावर चुना चोळून 'उतरत' नाही. कावीळ दिसली की सोनोग्राफी व रक्ततपासणी करायलाच हवी.
• चेहऱ्यावर अचानक लाली येऊन गरम वाटणे आणि सतत पातळ जुलाब. न्यूरोएंडोक्राइन प्रकार यकृतात पसरला असेल तर असे होऊ शकते.

पोट फुगले आहे, उलट्या होत आहेत, वायूही सरत नाही आणि शौचही होत नाही, तर सकाळची वाट पाहू नका. आतडे अडले असू शकते. जुलाबाचे औषध किंवा एरंडेल तर मुळीच देऊ नका. १०८ ला फोन करा.

रक्ताबद्दलचा नियम सोपा आहे. पुरुषाचे हिमोग्लोबिन १३ पेक्षा कमी आणि गरोदर नसलेल्या स्त्रीचे १२ पेक्षा कमी म्हणजे रक्त कमी. पाळी सुरू असलेल्या बायकांमध्ये त्याची कारणे बहुधा वेगळी असतात. पण पुरुषामध्ये किंवा पाळी गेलेल्या बाईमध्ये लोह कमी पडून रक्त कमी झाले, तर ते कुठून तरी जात आहे असे आधी धरायचे. ते मूळव्याधीतून जात असेल, अल्सरमधून, जंतामुळे किंवा एखाद्या गाठीतून. बहुतेकांना कर्करोग निघणार नाही, पण कारण शोधलेच पाहिजे. नुसत्या गोळ्या म्हणजे गळक्या माठात पाणी ओतणे.

टीबी की कर्करोग?

आपल्या वस्त्यांत हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. दाटीवाटीच्या घरांत टीबी जास्त, आणि टीबी आतड्यालाही होतो. तो बहुधा लहान आतडे मोठ्या आतड्याला मिळते तिथेच होतो. पोटदुखी, वजन उतरणे, आतडे अरुंद होणे, सिटी स्कॅनमध्ये सूज आणि गाठी, हे सारे दोन्ही आजारांत दिसते. त्यामुळे कधी कर्करोगाला टीबी समजून औषधे सुरू होतात, तर कधी टीबीचा माणूस "कॅन्सर झाला" म्हणून हाय खातो.

दोन्ही वेळी उत्तर एकच : तुकड्याची तपासणी, म्हणजे बायोप्सी. "माझे निदान कशावरून केले? तुकडा तपासला का?" हे विचारण्यात काही उद्धटपणा नाही. प्रत्येक वेळी तुकडा काढणे शक्य नसते, तेव्हा डॉक्टर अंदाजाने टीबीचे औषध सुरू करतात. अशा वेळी दोन-तीन महिन्यांत भूक, वजन, दुखणे यांत फरक पडला पाहिजे. नाही पडला तर परत जाऊन सांगा. मात्र टीबीचे औषध आपल्या मनाने बंद करू नका. अर्धवट सोडलेला टीबी औषधांना जुमानत नाही.

दुर्बीण 'नॉर्मल' आली तरी?

तोंडावाटे घातलेली नेहमीची दुर्बीण ड्युओडेनमपर्यंत जाते. शौचाच्या वाटेने घातलेली दुर्बीण मोठे आतडे पाहून लहान आतड्याच्या टोकापर्यंत पोचते. मधले वेटोळे दोन्हींच्या टप्प्यात येत नाही. सोनोग्राफीतही ते नीट दिसत नाही, वायू आडवा येतो. म्हणून दोन्ही दुर्बिणी आणि सोनोग्राफी नॉर्मल येऊनही रक्त कमी होतच राहिले, तर तपास तिथे थांबवायचा नसतो.

पुढची पायरी पोटाचा सिटी स्कॅन. आतड्यासाठी खास पद्धतीने, औषधाचे पाणी पाजून तो काढतात. काही मोठ्या रुग्णालयांत कॅप्सूल दुर्बीण असते. गोळीएवढा कॅमेरा गिळायचा, तो आतड्यातून जाताना फोटो घेतो. पण आतडे कुठे अरुंद झाल्याची शंका असेल तर ही कॅप्सूल अडकू शकते, म्हणून आधी स्कॅन करतात. कॅप्सूल तुकडाही काढू शकत नाही. त्यासाठी लांब दुर्बीण किंवा ऑपरेशन लागते.

काढलेला तुकडा पॅथॉलॉजीत जातो. त्यावर खास रंगचाचण्या करून प्रकार ठरतो. अॅडिनोकार्सिनोमा निघाला तर 'एमएमआर' चाचणी झाली का, हे विचारा. तिच्यावरून घराण्यातल्या दोषाची शक्यता समजते आणि पुढे कोणते औषध लागू पडेल हेही कळते. तुकड्याचा मेणाचा ठोकळा, म्हणजे ब्लॉक, आणि काचपट्ट्या रुग्णालयातून मागून घ्या, जपून ठेवा. दुसरीकडे गेल्यावर आधी त्याच मागतात.

उपचार कसे होतात?

पहिला आणि मुख्य उपचार ऑपरेशन. गाठ असलेला आतड्याचा भाग, दोन्ही बाजूंचा थोडा निरोगी भाग आणि जवळच्या लसिका गाठी काढतात आणि उरलेली टोके जोडतात. वीस फुटांतला फूट-दीड फूट गेला तर माणूस पुढे नीट जेवू-खाऊ शकतो. इलियमचा शेवटचा मोठा भाग काढला असेल तर बी-१२ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन लागू शकते. डिस्चार्जच्या वेळी तेवढे विचारून घ्या.

गाठ ड्युओडेनममध्ये असेल तर बहुधा व्हिपल नावाचे मोठे ऑपरेशन करावे लागते. त्यात ड्युओडेनम, स्वादुपिंडाचा काही भाग, पित्ताशय आणि पित्तनळीचा भाग काढतात. जिथे ही ऑपरेशने नेहमी होतात तिथेच ती करून घेणे हिताचे. रोग खूप पसरला असेल आणि गाठ काढता येत नसेल, तर अन्नाला दुसरी वाट करून देणारे बायपास ऑपरेशन करतात. त्याने रोग जात नाही, पण उलट्या थांबतात, माणूस खाऊ लागतो.

ऑपरेशननंतर रोग लसिका गाठींत सापडला तर अॅडिनोकार्सिनोमासाठी साधारण सहा महिने किमो देतात. काही औषधे शिरेतून, काही गोळ्यांनी. दर दोन किंवा तीन आठवड्यांनी एक फेरी. 'लाईट', म्हणजे रेडिएशन, या आजारात फार कमी वापरतात. एमएमआर चाचणीत दोष आढळला आणि रोग पसरलेला असला तर इम्युनोथेरपी चांगली लागू पडू शकते, पण ती फार महाग आहे.

लिम्फोमाचा मुख्य उपचार किमो आहे. आतडे अडले किंवा फुटले तरच तिथे ऑपरेशनची गरज पडते. न्यूरोएंडोक्राइन प्रकारात ऑपरेशन, आणि पसरला असेल तर सहसा दर चार आठवड्यांनी एक इंजेक्शन. त्यावर अनेक जण वर्षानुवर्षे चालते-फिरते राहतात.

जिस्टसाठी इमॅटिनिब नावाची रोजची गोळी आहे. ती जेवणासोबत, मोठा पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची. या औषधाच्या सुधारित रूपावर नोव्हार्टिस कंपनीने भारतात पेटंट मागितले होते. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते नाकारले. म्हणून आज भारतीय कंपन्यांची जेनेरिक गोळी कितीतरी कमी किमतीत मिळते. जेनेरिक म्हणजे हलके औषध नव्हे, औषध तेच असते.

रिपोर्टवर स्टेज लिहिलेली असते. पहिल्या दोन स्टेजमध्ये रोग आतड्याच्या जागीच असतो, तिसऱ्यात लसिका गाठींत गेलेला, चौथ्यात दूरच्या अवयवात. जितके लवकर, तितकी बरे होण्याची आशा जास्त. चौथ्या स्टेजलाही उपचार असतात. दुखणे कमी करणे, जेवण पोटात राहणे, शांत झोप लागणे, हाही उपचारच आहे आणि तो मागण्याचा रुग्णाला हक्क आहे.

किमो चालू असताना घरात

ताप १००.४ च्या वर गेला तर ती साधी कणकण समजू नका. किमोत पांढऱ्या पेशी कमी होतात, जंतुसंसर्ग तासांत वाढतो. रात्र असली तरी रुग्णालय गाठा. घरात थर्मामीटर ठेवा.

ऑक्सॅलिप्लॅटिन नावाच्या औषधाने थंड पाण्याचा स्पर्श टोचल्यासारखा लागतो. त्या दिवसांत माठाचे पाणी, बर्फ टाळा, भांडी घासायला त्यांना बसवू नका. पाणी उकळून प्या. जेवण ताजे, थोडे थोडे, दिवसातून पाच-सहा वेळा : मऊ भात, वरण, उकडलेले अंडे, नीट शिजवलेले मासे किंवा चिकन, दही सोसत असेल तर दही. "कॅन्सरला मटण-अंडे वर्ज्य" हे खरे नाही, या काळात प्रथिने लागतातच. तंबाखू, मिश्री, गुटखा, दारू बंद. झाडपाल्याचे औषध डॉक्टरांना न सांगता देऊ नका, काही औषधे यकृतावर भार टाकतात.

पैशाचे काय?

घर विकायच्या, सावकाराकडे जायच्या आधी या वाटा बघा.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मिळून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. कर्करोगाची ऑपरेशने आणि किमो त्यात येतात. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. अनामत भरण्याआधी त्याला भेटा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत हवे. दोन्हींवरचे नाव सारखे आहे का ते आजच पाहा, अनेकांचे काम तिथेच अडते. चौकशीसाठी फोन १५५३८८.

धर्मादाय म्हणून नोंदलेल्या मोठ्या खासगी रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो. तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा. ही कुणाची मेहेरबानी नाही, कायद्याने दिलेली सोय आहे. मुख्यमंत्री सहायता निधीतही अर्ज करता येतो. रेल्वेत आणि एसटीत कर्करुग्णाला प्रवास सवलत आहे, रुग्णालयातून प्रमाणपत्र घ्या.

उपचारासाठी परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून उभे आहे, खारघरलाही त्याचे केंद्र आहे. पण प्रत्येकाला मुंबई गाठायची गरज नाही. छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय, नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय, बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय ही जवळची ठिकाणे आहेत. सहा महिन्यांच्या फेऱ्या असतात, मजुरी बुडते. जवळचे ठिकाण म्हणजे उपचार अर्धवट न सुटण्याची हमी.

आपण काय करू?

आता आमच्या शिबिरात रक्त कमी निघालेल्या प्रत्येक पुरुषाचे आणि चाळिशीपुढच्या बाईचे नाव एका वहीत लिहितो. महिन्याने घरी जाऊन विचारतो : गोळ्या घेतल्या का, रक्त वाढले का, शौच तपासली का? नाही वाढले तर त्यांच्यासोबत सरकारी रुग्णालयात एक जण जातो. एकटा माणूस खिडकीवरून परत फिरतो, दोघे गेले की केसपेपर निघतो. वही चाळीस रुपयांची आहे. प्रत्येक वस्तीला ती परवडते.

किमोच्या दिवशी दादांसोबत गल्लीतला कुणी ना कुणी जायचा. डबा एका घरचा, रिक्षाभाडे दुसऱ्या घरचे. परवाच्या शिबिरात दादा स्वतः टेबलाशी बसले होते. एका हमाल भावाचे हिमोग्लोबिन ९ निघाले. आम्ही काही बोलायच्या आत दादांनीच विचारले, "जेवल्यावर पोटात कळ येते का रे? शौच काळी होते का?" आणि वहीत त्याचे नाव लिहिले.